नीम ऑइल स्प्रे: मिलीबगला बेस्ट, व्हायरसला उपयोग शून्य

कीड मारायला स्प्रे खरंच छान आहे, फॅलेनोप्सिस ऑर्किडच्या पानांच्या बेचक्यात बसलेला कापसासारखा मिलीबग फवारल्यावर गेला, पण बाटलीवर 'व्हायरल रोगांवर उपाय' असं छापलंय ते साफ चूक आहे, व्हायरस लागलेल्या झाडाला बरं करणारं औषधच नाहीये हो! ऑर्किडमधला सिंबिडियम मोझेक हा व्हायरस तर किडींमुळे नाही, मुख्यतः एकाच कात्रीने सगळी झाडं छाटल्याने पसरतो. पानांवर खोलगट काळपट चट्टे, फुलांत रंगाचे तुटक पट्टे दिसले की कुंडी लगेच बाजूला काढा आणि प्रत्येक झाडाला नवीन ब्लेड घ्या. बुरशीचे डागही कधीकधी असेच दिसतात, म्हणून आधी व्हायरस तपासायची टेस्ट स्ट्रिप लावा, पॉझिटिव्ह आली तर कितीही जीव तुटला तरी झाड टाकून द्या. किडीसाठी ४ स्टार, पण कंपनीने ते लेबल बदलायलाच हवं.