रियो ब्रांकोच्या बाजारातील न्याहारी

ब्राझीलच्या पश्चिम टोकाला, पेरू आणि बोलिव्हिया या दोन्ही देशांना खेटून असलेल्या आक्रे राज्याची राजधानी रियो ब्रांको खवय्यांच्या यादीत सहसा सापडत नाही. तरीही तेथील ‘मेर्कादो दो बोस्की’ या बाजारातील न्याहारीसाठी वाट थोडी वाकडी करावी, असे माझे मत तेथे दोन सकाळी खाल्ल्यावर झाले.

येथील प्रसिद्ध पदार्थाचे नाव ‘बायशारिया’ आहे. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ चारचौघांत न शोभणारे हलके वागणे असा होतो, आणि ताट समोर आल्यावर नावात काही खोट वाटत नाही. खाली मक्याच्या जाडसर पिठाचा वाफवलेला ‘कुस्कुस’ (आपला मोकळा सांजा डोळ्यांपुढे आणावा), त्यावर गोमांसाचा खिमा, त्यावर तळलेले अंडे आणि सर्वांवर बारीक चिरलेला टोमॅटो, कांद्याची पात व कोथिंबीर, असा तो ढीग असतो. अंड्याचा बलक फोडून कुस्कुसात मुरू दिला, तरच त्याची खरी चव लागते. कोरडा खाल्ल्यास घास घशात अडकतो.

कुस्कुस मूळचा आक्रेचा नाही, तो ईशान्य ब्राझीलचा आहे. १८७७ च्या भीषण दुष्काळानंतर सेआरा आणि आसपासच्या भागांतील माणसे रबराचा चीक गोळा करण्यासाठी या जंगलात आली, तेव्हा हा प्रदेश बोलिव्हियाचा होता. या वसाहतीमुळेच पुढे १८९९ मध्ये लुईस गाल्वेस यांनी येथे अल्पजीवी प्रजासत्ताक जाहीर केले, १९०२ मध्ये प्लासिदो दे कास्त्रो यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला, आणि १९०३ च्या पेत्रोपोलिस करारान्वये ब्राझीलने २० लाख पौंड व एका रेल्वेमार्गाचे आश्वासन देऊन आक्रे स्वतःकडे घेतला.

शेजारच्या काचेच्या पेटीतील ‘किबी’ हा खिम्याचे सारण भरून तळलेला पदार्थ रबराच्या व्यापारासोबत आलेल्या सीरियन व लेबनीज व्यापाऱ्यांचा आहे. दलियाचा गहू येथे मिळेना, म्हणून त्यांनी बाहेरचे आवरण तांदळाचे किंवा कसावा या कंदाचे केले. मला तांदळाचा किबी आतून कोरडा वाटला. कसाव्याचा मात्र बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ, निःसंशय सरस.

सेवेबद्दल फार चांगले लिहिता येत नाही. पोर्तुगीजखेरीज दुसरी भाषा चालत नाही, कॉफी आधीच साखर घालून ठेवलेली असते, आणि एका गाळ्यावर मी न मागवलेला फळांचा रस बिलात लावला गेला. दाखवून दिल्यावर तो काढला, पण दिलगिरीचा शब्द नाही. शाकाहारी मंडळींना येथे सांभाळूनच राहावे लागेल. ‘सेम कार्नी’, म्हणजे मांसाशिवाय, असे सांगितले की खिमा येत नाही, परंतु वाढणारा डाव तोच असतो.

संध्याकाळी शहरातील गाड्यांवर ‘ताकाका’ अवश्य घ्यावा. कडू कसाव्याचा रस बराच वेळ उकळून त्यातील विष घालवतात. त्या आंबट पिवळ्या रसात कसाव्याच्या स्टार्चची चिकट खळ, सुकी कोळंबी आणि ‘जांबू’ नावाची पालेभाजी असते. जांबू म्हणजे आपल्याकडे दातदुखीवर चघळतात तो अक्कलकारा. जीभ बधिर होऊन मुंग्या येतात. खळीचा पोत भिजलेल्या साबुदाण्याची आठवण करून देतो, आणि ते साहजिकच आहे, कारण उपवासाचा आपला साबुदाणाही याच दक्षिण अमेरिकी कंदाचा. पहिला घोट मला आवडला नाही, तिसऱ्यानंतर मी करवंटीसारखे भांडे रिकामे करूनच खाली ठेवले.

निघताना क्रुझेरो दो सुल येथील कसाव्याचे भाजलेले पीठ विकत घ्यावे. त्याला भौगोलिक मानांकन आहे. दाणा कुरकुरीत असून वरणावर भुरभुरले तरी चालते. विकत घेताना पिशवीवरील गावाचे नाव मात्र वाचून घ्यावे.