नेगुरा बुंजेतचा ‘ओम’ : तोआकाचा ठोका आणि ब्लॅक मेटल

रोमेनियाच्या पश्चिम भागातील तिमिशोआरा शहरातल्या नेगुरा बुंजेत या बँडचा ‘ओम’ हा अल्बम 2006 साली कोड 666 या इटालियन कंपनीने प्रसिद्ध केला. ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्या उग्र, वेगवान उपप्रकारात अध्यात्माचा उल्लेख पुष्कळदा होतो. पण तो बहुधा गीतांच्या शब्दांत, मुखपृष्ठावरच्या चिन्हांत आणि कलावंतांच्या मुलाखतींत राहतो, प्रत्यक्ष ऐकताना त्यातले फारसे काही कानी पडत नाही. ‘ओम’ वेगळा ठरतो तो इथे. या अल्बममधली श्रद्धा वाद्यांच्या निवडीत, लयीच्या बांधणीत आणि स्वरवाक्य किती वेळ धरून ठेवायचे या निर्णयात ऐकू येते. रोमेनियन भाषेचा एकही शब्द न समजणाऱ्या श्रोत्यालाही ती जाणवते, आणि म्हणूनच हा अल्बम मला या प्रकारातील अत्यंत महत्त्वाच्या कृतींपैकी एक वाटतो.

हा बँड 1995 पासून या नावाने ओळखला जाऊ लागला. डिसेंबर 1989 मध्ये कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीविरुद्धचा उठाव ज्या शहरात सुरू झाला, त्याच शहरातली ही मंडळी. गायन आणि गिटार सांभाळणारा हुपोग्रामोस, गिटारवादक सोल फौर आणि ड्रमवादक नेग्रु, म्हणजेच गॅब्रिएल माफा, हे त्रिकूट बँडचा कणा होते. ‘मायास्त्रु स्फेत्निक’ (2000) या अल्बमपर्यंत त्यांच्या संगीतावर नॉर्वेच्या ब्लॅक मेटलची छाप स्पष्ट होती. एकाच स्वरावर अतिशय वेगाने केलेले गिटारचे आघात, ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमवरचे अखंड, अतिवेगवान ठोके, आणि शब्दांपेक्षा वेदना पोचवणारा कर्कश आवाज, ही सगळी सामग्री त्यात होती. 2002 च्या ‘न् क्रुगु ब्राडुलुई’ने ही छाप ओलांडली. चार ऋतूंवर चार दीर्घ रचना, त्यांना नावे नाहीत, फक्त क्रमांक. आणि त्यांत संगीताची गती हळूहळू डोंगराच्या गतीशी जुळत गेली. त्या अल्बममधून मिळालेला धीर ‘ओम’मध्ये परिपक्व झालेला दिसतो.

‘ओम’ या रोमेनियन शब्दाचा अर्थ माणूस. अल्बममध्ये अकरा रचना असून त्यांची एकत्रित लांबी तासाहून थोडी अधिक आहे. ‘चासुरी रेले’ या छोट्या, अस्वस्थ प्रस्तावनेनंतर लगेच ‘त्सेसारुल दे लुमिनी’, म्हणजे प्रकाशाचा विणकर, ही बारा मिनिटांहून मोठी रचना येते, आणि माझ्या मते अल्बमचे खरे मोजमाप तिच्यावरूनच करावे. तिच्यात स्वर एकाएकी कोसळत नाहीत. गिटारचे थर एकावर एक चढत जातात, मागे कीबोर्डचा स्वर पसरतो, कर्कश गायनाच्या जागी मध्येच स्वच्छ, मंत्रोच्चारासारखे सामूहिक गायन येते आणि मग पुन्हा वादळ उठते. विलंबित ख्यालात गायक एकेका स्वराला वेळ देत रागाचे रूप उलगडतो, तशी सवय असलेल्या श्रोत्याला ही बांधणी परकी वाटणार नाही. इथेही घाई करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पहिल्या ऐकण्यात ही रचना लांबलेली वाटते; पण ओळख वाढल्यावर तिच्यातला प्रत्येक बदल आधीच्या बदलातून उगवला आहे हे लक्षात येते, आणि मग तिच्यातले एक मिनिटही कमी करावेसे वाटत नाही.

वाद्यांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण या बँडची आध्यात्मिक भूमिका सर्वांत प्रामाणिकपणे तिथेच व्यक्त होते. नाय हे अनेक नळ्या शेजारी शेजारी जोडून केलेले बासरीसारखे वाद्य आणि बुचुम व तुल्निक ही मेंढपाळांची लांब लाकडी शिंगे रोमेनियाच्या लोकसंगीतात सर्वांना परिचित आहेत. अपुसेनी डोंगरांत तुल्निक वाजवण्याची परंपरा तर विशेषतः स्त्रियांनी जपली आहे. पण बँडच्या ध्वनीला खरी ओळख देते ती तोआका. ऑर्थोडॉक्स मठांत भिक्षूंना प्रार्थनेसाठी बोलावण्याकरिता एका लांब लाकडी फळीवर लाकडी हातोडीने ठोके दिले जातात. सुरुवातीला संथ असलेले ते ठोके हळूहळू जलद होत जातात. नेग्रुने हे वाद्य आपल्या तालवाद्यांच्या संचात आणले.

या एका निर्णयाचे महत्त्व ब्लॅक मेटलच्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवरच कळते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत या प्रकाराचे नाव जगभर पोचले ते चर्चविरोधी द्वेषामुळे. जून 1992 मध्ये बर्गनजवळचे फान्टोफ्ट येथील जुने लाकडी चर्च जाळले गेले, त्यानंतर अशाच आणखी घटना घडल्या, आणि ख्रिस्ती धर्माला नकार देणे ही अनेकांच्या मनात या संगीताची जणू प्रवेश-अट होऊन बसली. असे असताना एक रोमेनियन बँड मठाच्या अंगणातले प्रार्थनेचे वाद्य त्याच संगीताच्या मध्यभागी आणून ठेवतो, आणि ते टिंगल म्हणून नव्हे, तर आदराने. त्यात चर्चचा प्रचारही नाही. रोमेनियाच्या खेड्यांत ऑर्थोडॉक्स आचार आणि त्याहून जुन्या समजुती शतकानुशतके एकमेकांत मिसळून राहिल्या आहेत. तोआकाचा ठोका त्या दोन्हींचा आहे. बंडखोरीपेक्षा आपल्या भूमीत जे आहे ते ऐकण्याला या बँडने अधिक मोल दिले, आणि माझ्या मते हे धाडस जाळपोळीपेक्षा कितीतरी मोठे होते.

बँडच्या प्रेरणेचा दुसरा धागा आजच्या रोमेनियाच्या प्रदेशात रोमन काळाआधी राहणाऱ्या डाकियन लोकांकडे जातो, आणि इथे मला काही आक्षेप नोंदवावेसे वाटतात. डाकियन आणि त्यांचे निकटचे गेटे यांच्या श्रद्धांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते बहुतेक परक्यांनी लिहिलेले आहे. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की गेटे स्वतःला अमर मानत. मेलेला माणूस झाल्मोक्सिस या देवतेकडे जातो अशी त्यांची श्रद्धा होती, आणि दर पाच वर्षांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेला एक दूत तीन भाल्यांवर फेकून ते त्याच्याकडे पाठवत. झाल्मोक्सिस हा मूळचा पायथागोरसचा गुलाम होता, त्याने जमिनीखाली दालन बांधले, तीन वर्षे त्यात अदृश्य राहून चौथ्या वर्षी तो पुन्हा प्रकट झाला, अशीही एक कथा हेरोडोटसने नोंदवली आहे, मात्र त्यावर स्वतःचा पुरता विश्वास असल्याचे तो सांगत नाही. डाकियन वा गेटे लोकांच्या स्वतःच्या धर्मग्रंथाची एक ओळही उरलेली नाही. रोमन सम्राट ट्राजानने 101–102 आणि 105–106 अशा दोन युद्धांत डाकिया जिंकला. ओराश्तिये डोंगरांतली सार्मिझेजेतुसा ही राजधानी उद्ध्वस्त झाली. तिथली गोलाकार मंदिरस्थाने आणि अँडेसाइट दगडाची सूर्याकार वेदी आजही पाहता येते, आणि 1999 पासून या परिसरातील डाकियन किल्ले जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहेत. पण दगड मंत्र सांगत नाहीत.

त्यामुळे डाकियन अध्यात्माचे आजचे कोणतेही संगीत हे मूलतः कल्पनेचे काम आहे, आणि ते तसे मान्य केले तरच सुंदर ठरते. ‘ओम’ बहुतांशी ही सीमा पाळतो. त्यातली सूर्यावरची रचना, ‘होरा सोआरेलुई’, आपण प्राचीन विधी जसाच्या तसा सादर करतो आहोत असा आव आणत नाही; होरा हे आजही हातात हात घालून वर्तुळात केले जाणारे जिवंत लोकनृत्य आहे, आणि रचनेची फिरती लय व मोकळे गायन त्या वर्तुळातूनच आलेले वाटते. याउलट 2010 च्या ‘विर्स्तेले पमिंतुलुई’ या अल्बममध्ये ‘डाकिया हिपरबोरेआना’ असे, डाकियाला ग्रीक पुराणकथांतल्या उत्तरेकडील कल्पित हिपरबोरिया देशाशी जोडणारे शीर्षक येते, तेव्हा आपण पुरातत्त्वापासून दूर, 1930 च्या दशकातल्या गूढवादी विचारांच्या प्रदेशात जातो. त्या विचारांच्या आसपास त्या काळी उग्र राष्ट्रवादही वावरत होता, आणि पुढे चाउशेस्कूच्या राजवटीनेही डाकियन वारशाचा राजकीय वापर केला. 1980 मध्ये डाकियन राजा बुरेबिस्ताच्या राज्याची 2050 वर्षे सरकारी थाटात साजरी झाली होती. नेगुरा बुंजेतच्या संगीतात मला तो द्वेष कुठेही ऐकू आला नाही. तरीही ज्या कल्पनांना असा इतिहास आहे, त्या वापरताना अधिक सावधपणा हवा होता, असे मला मनापासून वाटते.

बँडची श्रद्धा मला सर्वाधिक खरी वाटते ती लोकाचाराच्या जवळ जाताना. फरच्या झाडाचेच पाहा. रोमेनियातील काही भागांत, विशेषतः हुनेदोआरा प्रांताच्या परिसरात, अविवाहित तरुण मरण पावला तर त्याच्या अंत्यविधीसाठी जंगलातून फरचे झाड आणून सजवले जाते, स्त्रिया त्या झाडाला उद्देशून गाणे म्हणतात आणि ते झाड कबरीजवळ उभे केले जाते. मृत्यू, विवाह आणि जंगल या तीन गोष्टी त्या एका झाडात एकत्र येतात. 2002 च्या अल्बमच्या शीर्षकात फर आहे, आणि शेवटच्या अल्बममधल्या पहिल्या रचनेचे नावही ‘ब्राड’, म्हणजे फर, हेच आहे. अशी प्रतीके पुस्तकातून उचललेली नसतात. त्या प्रदेशात वाढलेल्या माणसाला ती आधीच ठाऊक असतात, आणि संगीतातली त्यांची सहजता आपल्याला बाहेरूनही जाणवते.

‘ओम’कडे परत येऊ. ‘कुनोआश्तेरेआ ताकुता’, म्हणजे मूक ज्ञान, ही माझ्या दृष्टीने अल्बममधली दुसरी उत्तम रचना. तिच्यातला आक्रमकपणा नेमका आहे आणि गाणे कुठेही पसरट होत नाही. ‘देदेसुप्तुल’ अधिक काळोखी असून तिच्यात लय सतत दिशा बदलते. ती पचायला वेळ लागतो. ‘चेल दिन उर्मा विस’ दीर्घ असूनही घट्ट आहे. मधल्या छोट्या वातावरणनिर्मितीच्या तुकड्यांविषयी मात्र माझे समाधान नाही. ‘प्रिमुल ओम’ आपले काम नीट करतो. ‘नोरिलोर’ला तेवढे वजन नाही, आणि काही ठिकाणी कीबोर्डचा कृत्रिम स्वर शेजारच्या लाकडी वाद्यांच्या तुलनेत फिका पडतो. ध्वनिमुद्रण दाट आहे. चांगल्या हेडफोनवर त्याचे थर सुटे होतात. साध्या स्पीकरवर ते एकमेकांत मिसळून गढूळ होतात, आणि तसे ऐकून अल्बमविषयी मत बनवणे अन्यायाचे ठरेल.

या संगीताची पुढची वाटचाल सरळ राहिली नाही. 2009 मध्ये हुपोग्रामोस आणि सोल फौर बाहेर पडले आणि त्यांनी दोर्देदुह हा बँड स्थापन केला. नाव नेग्रुकडे राहिले. त्याने नव्या सहकाऱ्यांसह ट्रान्सिल्वेनियावर आधारित तीन अल्बमांची मालिका हाती घेतली. ‘तऊ’ (2015) भूमी आणि निसर्गावर, ‘झी’ (2016) परंपरा आणि चालीरीतींवर, आणि तिसरा आध्यात्मिक बाजूवर, अशी तिची आखणी होती. मार्च 2017 मध्ये नेग्रुचे निधन झाले. त्याने आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या ड्रमवर उरलेल्या सहकाऱ्यांनी काम पूर्ण केले आणि ‘झऊ’ 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. मालिकेतले पहिले दोन अल्बम मला असमान वाटतात. लोकवाद्ये भरपूर आहेत, पण काही जागी ती मेटलच्या अंगावर दागिन्यासारखी लटकतात, ‘ओम’मध्ये ती जशी हाडामांसात मुरलेली आहेत तशी इथे नाहीत. ‘झऊ’ मात्र वेगळ्या दर्जाचा आहे. त्यातला मेटलचा जोर कमी झाला आहे, संथपणा वाढला आहे, आणि तो संथपणा कमावलेला आहे.

ज्यांना ब्लॅक मेटलची सवय नाही त्यांनी थेट ‘ओम’पासून सुरुवात करू नये. आधी ‘झऊ’ ऐकावा, त्यातील वाद्यांशी ओळख करून घ्यावी, आणि मग ‘ओम’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत, रचनांचा क्रम न मोडता ऐकावा. सुट्या गाण्यांच्या यादीत टाकून या अल्बमचे काहीही उरत नाही. या प्रकाराशी आधीपासून परिचित असलेल्यांनी ‘न् क्रुगु ब्राडुलुई’ आणि ‘ओम’ याच क्रमाने घ्यावेत, म्हणजे चार वर्षांत या त्रिकुटाने काय साधले ते नीट कळेल. आणि हुपोग्रामोसचे स्वच्छ गायन ज्यांना विशेष भावेल, त्यांनी दोर्देदुहचा 2021 चा ‘हार’ जरूर मिळवावा, कारण ‘त्सेसारुल दे लुमिनी’त जो आवाज काही काळच ऐकू येतो, त्याला तिथे बरीच अधिक जागा मिळाली आहे.