डी७५० ठेवू की झेड६ टू घेऊ?

बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते. माझ्या निकॉन डी७५० या आरशाच्या (डीएसएलआर) कॅमेऱ्याची एक बॅटरी कागदावर १२३० फोटो देते. निकॉनचाच बिनआरशाचा (मिररलेस) झेड६ टू चारशेच्या आसपास थांबतो. म्हणजे खिशात दोन-तीन बॅटऱ्या हव्यातच.

पण मित्राचा झेड६ टू डोळ्याला लावला आणि मन डळमळलं. मशालीच्या उजेडात मावळ्याचा चेहरा पांढराफटक होतोय का, ते बटण दाबण्याआधीच दिसतं. डीएसएलआरमध्ये आधी काढायचा, मग मागं बघायचं, तोवर रथ पुढं! फोकसही थेट डोळ्यावर बसतो. मंगलाष्टकांच्या वेळी बिनआवाजाचं शटर म्हणजे सुखच. फक्त हॉलच्या एलईडीखाली फोटोत पट्टे उमटू शकतात.

खरी अडचण लेन्सची. माझी जुनी ५० एमएमची, फोकसची मोटर नसलेली डी लेन्स एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्याला लावायचा जोड) बसते, पण फोकस हातानं फिरवावा लागतो. आत मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स मात्र बिनतक्रार चालतात. खानापूरच्या पावसात लेन्स बदलताना मिररलेसचा उघडा सेन्सर बघून पोटात गोळा येतो, ते वेगळंच.

लग्नाची कामं घेणाऱ्यानं बदलावाच. मी बॉडी आणि अडॅप्टर तेवढा घेतोय. डी७५० विकणार नाही.