आरएनएआयमॅक्स : जनुक गप्प करायला उत्तम, कर्करोग ‘उलटला’ म्हणायला अपुरं

इन्व्हिट्रोजेनचं लिपोफेक्टामाइन आरएनएआयमॅक्स हे लिपिडचं द्रावण एसआय-आरएनए (ठरावीक जनुक गप्प करणारे छोटे आरएनए तुकडे) आणि मायक्रोआरएनए (पेशीतली जनुकं आवरणारे तसलेच छोटे आरएनए) पेशीत पोचवण्यासाठीच बनवलेलं आहे. एखादं जनुक गप्प करून पेशी वाढायच्या थांबल्या की कर्करोग ‘उलटला’ असा दावा केला जातो; तेवढ्याने तो सिद्ध होत नाही. प्लाझ्मिडला (वर्तुळाकार डीएनएला) वापरून त्याला नावं ठेवू नयेत.

२४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटचा हिशोब सोपा आहे. रिकाम्या वेलमध्ये १०० मायक्रोलिटर ऑप्टी-मेम (पेशींचं पोषक द्रावण), त्यात ६ पिकोमोल एसआय-आरएनए, वरून १ मायक्रोलिटर आरएनएआयमॅक्स. या टप्प्यावर सीरम (रक्तद्रव) नको. खोलीच्या तापमानाला १० ते २० मिनिटं ठेवून अँटिबायोटिक नसलेल्या मीडियममधल्या पेशी ५०० मायक्रोलिटर घालायच्या. अंतिम प्रमाण साधारण १० नॅनोमोलर. बाटली ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका.

परिणाम दिसला नाही की थेट १०० नॅनोमोलरवर उडी मारायची, ही सर्रास होणारी चूक. एवढ्या एसआय-आरएनएतून अर्धवट जुळणारी भलतीच जनुकंही दबतात, आणि मायक्रोआरएनएची नक्कल इतकी ओतली तर पेशीतली मूळची मायक्रोआरएनए आर्गोनॉट प्रथिनावरून (ज्यावर बसून हे आरएनए काम करतात) हुसकली जातात. त्याआधी आरएनएआयमॅक्सचंच प्रमाण ०.५ ते १.५ मायक्रोलिटर बदलून पाहा. शेजारच्या एका वेलमध्ये केआयएफ११ या पेशी-विभाजनाला लागणाऱ्या जनुकाविरुद्धचा एसआय-आरएनए घाला. विभाजन अडकून पेशी गोल झाल्या, तर माल आत पोचला आहे. मग दोष तुमच्या एसआय-आरएनएचा, किंवा प्रथिनच चिवट (लवकर नष्ट न होणारं) आहे. एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी निघणारी जनुकाची प्रत) २४ ते ४८ तासांत मोजावा, प्रथिन ४८ ते ७२ तासांत. एका जनुकावर दोन वेगळे एसआय-आरएनए तर हवेतच. जर्काटसारख्या तरंगत्या (प्लेटला न चिकटणाऱ्या) पेशींना इलेक्ट्रोपोरेशन (विजेच्या झटक्याने आरएनए आत घालणं) बरं.

खरी अडचण दाव्याची आहे. पेशी वाढायच्या थांबल्या म्हणजे कर्करोग मागे फिरला असं नव्हे. लिपिडच्या विषारीपणानेही त्या थांबतात (निष्क्रिय एसआय-आरएनएच्या वेलमध्ये डोकावा, कळेल). प्रत्येक विभाजनात आत गेलेला एसआय-आरएनए विरळ होतो, काही दिवसांत जनुक पुन्हा बोलू लागतं. सॉफ्ट अगारमध्ये (मऊ जेलमध्ये, जिथे कर्करोगी पेशी आधाराशिवाय वाढतात) वसाहती मोजायला मात्र दोन-तीन आठवडे लागतात. तिथे डॉक्सिसायक्लिन या औषधाने चालू-बंद होणारा एसएच-आरएनए (पेशीतच बनत राहणारा, जनुक गप्प करणारा आरएनए) किंवा क्रिस्पर-आयच (डीएनए न कापता जनुक दाबणारी पद्धत) हवा: जनुक पुन्हा चालू केल्यावरही पेशी परिपक्वच (कर्करोगी स्वभाव सोडलेली) राहिली, तर ‘उलटणं’ हा शब्द वापरता येईल.

प्लेटवरचं यश शरीरात तसंच उतरत नाही. गाठी रोखणाऱ्या पी५३ प्रथिनाच्या हुकमतीतल्या एमआयआर-३४ए या मायक्रोआरएनएची लायपोसोममधली नक्कल, एमआरएक्स३४, हिची रुग्णांवरची चाचणी २०१६ मध्ये रोगप्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रियांमुळे थांबवावी लागली.