पौर्णिमेची ओहोटी आणि माझे २३,४९० रुपये

हिशेब आधी मांडतो, कधी झालीच नाही अशा एका ट्रायथलॉनचा, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करायच्या स्पर्धेचा. एंट्री फी ८,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,५३०, म्हणजे १०,०३०. दोन रात्रींचं राहण्या-जेवणाचं पॅकेज ५,४००. पुण्याहून सायकल टेम्पोने नेण्याचे १,५००. वेटसूटचं (थंड पाण्यात अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) भाडं १,२०० आणि त्याची अनामत ३,०००. झाले २१,१३०. मग स्पर्धा पुढे ढकलली म्हणून 'तारीखबदल शुल्क' २,०००, वर पुन्हा जीएसटी ३६०. एकूण २३,४९०. हातात काय आलं, तर व्हॉट्सॲपवर छातीवर लावायच्या बिब नंबरचं एक चित्र. ११८.

आयोजकाचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकील मित्राने बजावलंय. पण असल्या लोकांची पद्धत तुम्हाला नवी नाही, त्यामुळे ती उगाळत बसत नाही. मी त्यात कसा अडकलो ते सांगतो, कारण मी स्वतःला शहाणा समजत होतो.

वय ४३, राहणार चिंचवड, नोकरी एका कंपनीच्या क्वालिटी विभागात. म्हणजे दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढायचा मी पगार घेतो. चाळिशीत शुगर बॉर्डरला आली म्हणून पळायला लागलो, पळताना गुडघा दुखला म्हणून सायकल, आणि सायकलवाल्यांच्या नादाने पोहणं. असेच सगळे ट्रायथलॉनपर्यंत येतात. सेकंडहँड रोडबाइक ६२,०००, ट्रायसूट ४,८००, पोहण्याच्या तलावाचा पास, घड्याळ वगैरे धरलं तर दोन वर्षांत लाखाच्या वर गेले होते. एवढं ओतल्यावर माणसाला कुठेतरी उतरायचं असतं. बायको म्हणायची, समुद्र फुकट आहे, आमच्या माहेरच्या घरामागेच आहे, पोहा की. तिला कोण समजावणार?

आणि खरं सांगायचं तर रक्कम संशयास्पद नव्हतीच. हे मी स्वतःच्या बचावासाठी म्हणतोय हे कबूल, पण ऐका. मॅरेथॉनला रस्ता अडवला आणि पाण्याची टेबलं लावली की काम होतं. इथे १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. समुद्रात होड्या हव्यात, कयाक हव्यात, जीवरक्षक हवेत. नव्वद किलोमीटरला बंदोबस्त हवा. सायकली ठेवायला राखणीची जागा, घोट्याला बांधायची चिप, रुग्णवाहिका. गोव्यात मिरामारला याच अंतराची 'आयर्नमॅन ७०.३' ही आंतरराष्ट्रीय ट्रायथलॉन होते, तिची फी याच्या कितीतरी वर जाते. त्यामुळे कोकणात साडेआठ हजारांत मिळतेय म्हटल्यावर मला ती स्वस्त वाटली. जुलै २०२४मध्ये पैसे भरले. स्पर्धा १५ डिसेंबरला, दापोलीकडच्या किनाऱ्यावर. दापोली तालुका म्हणजे माझी सासुरवाडी.

क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर कंपनीचं नाव यायला हवं होतं. आलं एका बाईचं नाव. मी विचारलं तर 'अकाउंट्सच्या मॅडमचं खातं आहे सर, कंपनीचं लिमिट संपलंय'. असं उत्तर आलं की तिथेच थांबायचं. मी थांबलो नाही.

वेटसूटचंही तेच. डिसेंबरात कोकणातला समुद्र २७-२८ अंशांवर असतो. आयर्नमॅनच्या नियमांत २४.५ अंशांच्या वर हौशी स्पर्धकाने वेटसूट घातला तर तो बक्षिसाला पात्रच राहत नाही. मला हे माहीत होतं! तरीही फॉर्ममध्ये 'सुरक्षेसाठी अनिवार्य' लिहिलं होतं म्हणून ४,२०० रुपये भरले. कोकणात वेटसूट म्हणजे मे महिन्यात घोंगडी.

पण हे सगळं एकीकडे. मला रात्री झोपेतून उठवतो तो गणपतीतला प्रसंग.

सप्टेंबरात गणपतीला सासरी गेलो होतो. आरती झाली, मोदक झाले, पडवीत बसलो होतो. सासरे निवृत्त शिक्षक, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मी कौतुकाने फोनवर नकाशा दाखवला. सुरूच्या बनासमोरून सुरुवात, ९५० मीटर आत, लाल बोयाला वळसा, ९५० मीटर परत. सकाळी सात वाजता. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, उठून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली आणि म्हणाले, "शनिवारी दत्तजयंती. म्हणजे रविवारी सकाळी पौर्णिमाच की हो, जावईबापू."

मी म्हटलं, "बरं मग?"

"पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे पाचला पुरती सुकती. सातला पाणी नुकतं परत फिरलेलं असणार. पोहणार कशात?"

किनाऱ्याबाहेरच्यांसाठी सांगतो. आपल्याकडे तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते, आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. त्यात पौर्णिमा-अमावास्येची ओहोटी सगळ्यांत लांब जाते. आमच्या सासरचा किनारा सपाट, तिथे त्या वेळी पाणी बघायलासुद्धा चालत जावं लागतं. किनाऱ्यावरच्या पोराठोरांना हे ठाऊक असतं. जो माणूस खरोखर तिथे चारशे लोक पाण्यात उतरवणार आहे तो तारीख ठरवायच्या आधी भरती-ओहोटीचा तक्ता बघेल की नाही? ज्याने तारीख फक्त रविवार बघून टाकली, त्याला कुणालाच पाण्यात उतरवायचं नव्हतं. इतकं सरळ होतं. पडवीत, मोदकाच्या ताटासमोर, एका शिक्षकाने मला दोन वाक्यांत पूर्ण घोटाळा उलगडून दिला होता आणि मी काय म्हणालो?

"अण्णा, ते प्रोफेशनल लोक आहेत. सगळं बघूनच ठरवतात."

वर हसलोसुद्धा. अण्णा काही बोलले नाहीत, पानाचा डबा पुढे केला.

लाजेची दुसरी गोष्ट. त्यांनी मला 'पुणे ॲम्बेसेडर' केलं होतं. फोटो मागितला, पोस्टर बनवलं, खाली माझा मोबाइल नंबर. बदल्यात काय, एक टी-शर्ट, तोही आला नाही. पण फोटो सायकलवरचा होता, पोट आत ओढलेला, चांगला आला होता. मी तो तीन ग्रुपांवर टाकला. माझ्या शब्दावर तिघांनी नोंदणी केली. त्यातला एक पोरगा नुकता नोकरीला लागलेला, पहिल्या दोन-तीन पगारांतले पैसे. त्याचे १०,०३० मी माझ्या खिशातून दिले. बाकीचे दोघं म्हणतात 'जाऊ दे रे', पण रविवारच्या राइडला आता मला कुणी फोन करत नाही. कुणी तुम्हाला फुकट ॲम्बेसेडर करायला आलं तर समजा, त्यांना तुमचं तोंड भाड्याने हवंय.

३ डिसेंबरला मेल आला. विधानसभा निवडणुकीमुळे बंदोबस्त मिळत नाही आणि फेंगल चक्रीवादळामुळे समुद्र धोकादायक आहे, सबब स्पर्धा ९ फेब्रुवारीला. मतदान २० नोव्हेंबरला झालं, निकाल २३ला लागला, आचारसंहिता उठली. फेंगल ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ धडकलं. कुठे पुदुच्चेरी, कुठे दापोली! शिवाय वादळ ३० नोव्हेंबरला आणि स्पर्धा १५ डिसेंबरला. मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं की २० डिसेंबरपर्यंत २,३६० भरले नाहीत तर नोंदणी रद्द, परतावा नाही.

रजा आधीच टाकली होती म्हणून आम्ही दत्तजयंतीला दापोलीला गेलो. रविवारी सकाळी सातला मी एकटा किनाऱ्यावर गेलो. का, ते विचारू नका. समुद्र शांत होता. पाणी इतकं लांब, की आधी नुसती चकाकणारी ओली वाळू दिसली, तिच्यावर लाटांच्या बारीक वळ्या, कुर्ल्यांनी काढलेल्या गोळ्यांची रांगोळी. जिथे माझं पोहणं सुरू होणार होतं, तिथे दोन बायका वाकून शिंपल्या वेचत होत्या. एकीने विचारलं, काय हरवलंय का?

आता तुम्ही म्हणाल, एवढं डोळ्यांनी बघितल्यावर तरी माणूस थांबेल. मी १९ डिसेंबरला २,३६० भरले. कारण ऐकलंत तर हसाल. मी या वेळी अण्णांच्या पद्धतीने नवी तारीख तपासली. ८ फेब्रुवारीला एकादशी, ९ला बारस. बाराची पाऊणपट नऊ. नऊला भरती, म्हणजे सातला भरपूर पाणी. बघा, सुधारले, असं मला वाटलं! एकदा शिकलेली अक्कल मी त्याच माणसाला पुन्हा पैसे द्यायला वापरली. आणि २१ हजार अडकलेले असताना २,३६० फार वाटत नाहीत. ते बरोबर एवढेच मागतात.

जानेवारीच्या शेवटी साइट उघडेना. मग ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं झालं. ३ फेब्रुवारीला ॲडमिनच बाहेर पडला. फोन बंद.

मग अण्णा ग्रामपंचायतीत गेले. समुद्रातली स्पर्धा म्हटली की पोलीस, सागरी मंडळ, ग्रामपंचायत, सगळीकडे कागद फिरतात. तिथे एक चिठ्ठीही आलेली नव्हती, ना डिसेंबरासाठी ना फेब्रुवारीसाठी. पॅकेजमध्ये ज्या होमस्टेचं नाव होतं त्याचा मालक अण्णांचा विद्यार्थी निघाला. त्याला या स्पर्धेचं नावही माहीत नव्हतं, आगाऊ पैसे तर लांबच. एक फोन, मंडळी. पैसे भरायच्या आधी होमस्टेला एक फोन. माझी तर सासुरवाडी आहे तिथे, आणि मी तो केला नाही.

पोलिसांकडे गेलो. आमच्या भागातली चौकी. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी दहा मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? ओटीपी कुणी घेतला नाही ना? मग ही फसवणूक कशी?" मी म्हटलं ४२०. ते हसले. "४२० गेलं जुलैत. आता ३१८." कलम दुरुस्त करून दिलं, तक्रार घेतली नाही. हा दिवाणी मामला आहे म्हणाले, आणि असलाच गुन्हा तर स्पर्धा दापोलीला होती, तिकडे द्या. दापोलीकडे विचारलं तर पैसे पुण्यातून गेले, पुण्यात द्या. आयोजकाचा छापलेला पत्ता ठाण्याचा, म्हणून कुणीतरी ठाणंही सुचवलं. झिरो एफआयआर कुठेही नोंदवता येतो म्हणून नव्या कायद्याची एवढी जाहिरात झाली ना? मी तो शब्द उच्चारल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जणू मी चौकीत येऊन इडली मागितली.

तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. मी सगळे कागद पुढे ठेवले. त्यांनी नेमकं पोस्टर उचललं. एकदा पोस्टरकडे, एकदा माझ्याकडे. "यात तर तुमचाच फोटो आहे. नंबरही तुमचाच. तुम्ही आयोजकांपैकीच का?" दोन तास मी फिर्यादीचा आरोपी होऊन बसलो होतो. शेवटी साधा तक्रारअर्ज घेतला. आवक क्रमांक आणि शिक्का मागितला तर 'विश्वास नाही का आमच्यावर?' नाही, नाही विश्वास. शिक्का घेतल्याशिवाय उठू नका, अर्जाची दुसरी प्रत घरूनच न्या, तिथलं झेरॉक्स नेहमी बंद असतं.

बँकेची तर बातच सोडा. कार्डने दिले असते तर चार्जबॅकसाठी, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्यासाठी, निदान फॉर्म भरता आला असता. यूपीआयने स्वतःहून पाठवले म्हणजे व्यवहार 'यशस्वी'. काउंटरवरच्या मुलीने हा शब्द तीनदा वापरला. सायबरच्या काउंटरवर म्हणाले, उशीर केलात, खात्यात पैसे असतानाच गोठवता येतात. हे मात्र खरं आहे. १९३० हा नंबर ध्यानात ठेवा आणि संशय आला त्या तासाला फिरवा. माझ्यासारखं 'बघू, फेब्रुवारीला होईल' करत बसलात तर त्या मॅडमचं खातं कोरडं झालेलं असतं.

आणि पावती. क्वालिटीवाल्याने पावती नीट बघितली ती मार्चमध्ये, तक्रार तयार करताना. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. माझ्या पावतीवर बोट ठेवून मोजले. चौदा. पुन्हा मोजले. चौदाच. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून बघायला एक पैसा लागत नाही, अर्धा मिनिट लागतो. जो कर सरकारला गेलाच नाही असे १,८९० रुपये मी आनंदाने भरले होते.

ग्राहक आयोगात तक्रार एप्रिलमध्ये ऑनलाइन टाकली. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, एवढं एक बरं आहे. ठाण्याच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली. पाकिटावर पोस्टमनने निळ्या पेनने लिहिलंय, 'या नावाचे कोणी राहत नाही'. पुढची तारीख मिळाली आहे.

परवा रात्री साडेनऊला अनोळखी नंबरवरून फोन. नाशिकचा एक मुलगा, आवाज आधीच चढलेला. पोस्टरवरून नंबर घेतला म्हणाला. "सर, माझे १०,०३० कधी परत करताय?" मी त्याला सांगायला लागलो की माझेही गेलेत, तर म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." आणि फोन रेकॉर्ड करतोय असंही सांगितलं. मी त्याला आवक क्रमांक पाठवला. त्याने अजून वाचलेला नाही.