अमांडा वॉलरसाठी घ्यावा असा 'सुइसाइड स्क्वॉड'चा संग्रह
सुपरहिरो कॉमिक्समध्ये चाळिशी ओलांडलेली, चारचौघींसारखी दिसणारी बाई शोधूनही सापडत नाही. म्हणून 'सुइसाइड स्क्वॉड' या डीसी कॉमिक्सच्या 1987च्या मालिकेचा हा पहिला खंड घ्याच. सुइसाइड स्क्वॉड म्हणजे जिवावरच्या सरकारी मोहिमांवर धाडलेली कैदी गुन्हेगारांची तुकडी, आणि अमांडा वॉलर तिची प्रमुख. यातली वॉलर ठेंगणी, जाडजूड, विधवा आणि मुलाबाळांची आई. अंगात कसलीही अद्भुत शक्ती नाही, तरी भलेभले गुन्हेगार तिला वचकून असतात. चित्रकार ल्यूक मॅकडॉनेल तिला कुठेही नाजूक करत नाही, हे फार मोलाचं.

घेताना 'ट्रायल बाय फायर' हे उपशीर्षक तपासा. नाहीतर याच नावाची 2011ची नवी मालिका हातात पडेल; तिच्यात वॉलरला तरुण, सडपातळ करून टाकलं, अक्षम्य बदल!

फोर्टच्या फुटपाथवर जुनी प्रत दिसली तर मधोमध उघडून बघा. दमट हवेत डिंकाची बांधणी सुटते, पानं हातात येतात.