असाई पावडर आणि तळलेला बांगडा

असाई या ब्राझीलच्या फळाच्या पावडरीचं शंभर ग्रॅमचं पाकीट, किंमत हजाराच्या वर, आणि पाठीमागं छापलेली तारीफ अशी की नुसती वाचूनच दोन किलो उतरावेत. तो मजकूर मी सरळ सोडून दिला. वजन उतरवण्याच्या नावाखाली असाई खपवणाऱ्या, त्यासाठी खोट्या बातम्यांच्या वेबसाइट काढणाऱ्या मंडळींवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं २०११ मध्ये खटले भरले होते, तेवढं पुरे. मला बघायचं होतं ते एवढंच, की ही पावडर आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या स्वयंपाकघरात कशात चालते आणि कशात नाही.

मागवावी लागली ऑनलाइनच. लक्ष्मीपुरीत सुक्यामेव्याच्या दुकानात विचारलं तर "क्रॅनबेरी हाय, ब्लूबेरी हाय, ह्ये न्हाई बगा वैनी." ताज्या फळाचा तर प्रश्नच नाही. ब्राझीलच्या पारा राज्यात ॲमेझॉनच्या पाणथळ काठांवर पोफळीच्या जातकुळीतली ही उंच, सडपातळ झाडं. घड उतरवला की फळ दिवसाभरात खराब व्हायला लागतं. त्यातही बहुतेक बीच, गर म्हणजे बीवरचा पातळ थर. म्हणून लांबच्या गिऱ्हाइकाला मिळतो तो गोठवलेला गर, नाहीतर ही पावडर. घेताना 'फ्रीझ ड्राइड' (गोठवून वाळवलेली) लिहिलंय का आणि घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे भर घालायला वापरतात ती पिष्टाची पावडर, घुसवलंय का, एवढं बघून घ्या. माझ्या पाकिटात नुसती असाई होती, म्हणजे माल चोख. पाकिटाची झिप मात्र दोनदा उघडल्यावर लागेचना. आपल्याकडच्या पावसाळी हवेत हे चालत नाही. फळातच तेल भरपूर असल्यामुळं पावडर नुसती सादळत नाही, खवटही होते. मी घट्ट झाकणाच्या बरणीत काढून फ्रीजरमध्ये ठेवली.

चवीचं सांगायचं तर रंग बघून जांभळाची अपेक्षा ठेवू नका. गोडी जवळजवळ नाहीच, आंबटपणाही बेताचा. चिमटीत चोळली की बोटं तेलकट होतात, जिभेवर थोडा तुरटपणा राहतो. सासूबाईंनी बरणीत नाक घालून वास घेतला आणि म्हणाल्या, "कोको हाय व्हय ह्ये? मातीचा वास मारतंय." दोन्ही बरोबर.

पहिल्यांदा दुधात. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध, बदाम, खसखस, बडीशेप, म्हणजे तालमीतली थंडाईच, त्यात चमचाभर असाई. थेट टाकली तर गुठळ्या वर तरंगत राहतात. आधी दोन चमचे सायीत घोटली की छान मिसळते. लागते बरी, पण बडीशेप आणि बदामापुढं तिचं काही चालत नाही. श्रीखंड त्याहून सरस. चक्क्याच्या आंबटपणामुळं रंग लालसर जांभळा खुलतो आणि साखर नेहमीपेक्षा थोडी जास्त घातली की तुरटपणाही झाकला जातो. पुतणीनं वाटी पुढं केली, "काकी, मी अजून घेतो." तिला रंगच आवडला असावा, आणि तसा रंग तर जांभळाचा गर घालून चौथाई खर्चात येतो.

तव्यावर आणि उकडीच्या भांड्यात मात्र ही पावडर वाया जाते. ज्वारीच्या भाकरीत घातली तर मळकट रंग आला, चव कुठं गेली कळलं नाही. ढोकळ्यात सोडा पडल्यावर पीठ बघता बघता निळसर करडं झालं. हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, आंबटात लाल आणि सोड्यात निळा-हिरवट होणारा. तेव्हा सोडा आणि असाई एका भांड्यात नको. पांढऱ्या रश्श्याचा विषय मी घरात काढलाही नाही, मला या घरात राहायचंय.

खरी मजा आली ती माशाबरोबर. आपल्याकडच्या कॅफेत असाई म्हणजे केळं, ग्रॅनोला आणि मध घातलेला गोड वाडगा. पण पाराची राजधानी बेलेंमध्ये घरोघरी ती बिनसाखरेची, दाट, तळलेल्या माशाबरोबर खातात. सोबत कसावा या कंदाचं पीठ, नाहीतर टॅपिओकाचे फुलवलेले दाणे. आता टॅपिओका म्हणजे आपला साबुदाणाच की, त्याच कंदाचा! मग कोकणातून घाट चढून आलेले बांगडे आणले, हळद-मीठ-आगळ लावून रव्यात घोळवून तळले. शेजारी सोलकढी. नारळाचं दाट दूध, लसूण, हिरवी मिरची, मीठ, आणि एवढ्याला दोन चमचे असाई. आगळ निम्म्यावर आणलं, पण पूर्ण काढलं नाही, कारण असाईकडं स्वतःचा फारसा आंबटपणा नाही. वरून चिवड्यात घालतो तो नायलॉनचा साबुदाणा तळून भुरभुरला.

ही कढी दाट होते, प्यायची कमी आणि बांगड्याचा तुकडा बुडवून खायची जास्त. नारळाच्या दुधात असाईचा मातकटपणा मुरतो, मिठानं तुरटपणा मऊ होतो, आणि बांगड्याच्या उग्र तेलकट चवीसमोर ती मागं हटत नाही. तळलेला साबुदाणा पहिली दोन मिनिटं कुरकुरीत असतो, तेव्हा पानात वाढल्यावरच घाला. सासूबाईंना "आत्या, आणि एक वाटी?" विचारलं तर बोलल्या नाहीत, वाटी सरकवली. सुरमईबरोबरही करून बघितलं, पण तिची चव सौम्य असल्यानं कढीच वरचढ झाली.

पैशाचं म्हणाल तर चमचा साधारण पाच ग्रॅमचा, म्हणजे चमच्यामागं पन्नासच्या वर रुपये. गोडाधोडासाठी एवढा खर्च करू नका. मे-जूनमध्ये राधानगरी, गगनबावड्याकडनं करवंदं-जांभळं येतात, ती घ्या, गर काढून फ्रीजरमध्ये टाका. माशाच्या कढीसाठी मात्र मी ही पावडर पुन्हा मागवणार, पन्नास ग्रॅमचं पाकीट, नारळी पौर्णिमेनंतर बांगडा स्वस्त झाला की.